न येणाऱ्यांचा हिशेब

विमानात खुर्च्या १८० आणि कंपनीने तिकिटे विकली १८५. हे ऐकून आमच्या बीडकडचा कोणीही माणूस म्हणेल, की ही सरळसरळ लबाडी झाली. नसलेली वस्तू विकणे याला आपल्याकडे दुसरे नाव नाही. परंतु हाच गृहस्थ घरी मुलीचे लग्न निघाले म्हणजे आठशे माणसांना आवतण देतो आणि आचाऱ्याला सहाशे पानांचा स्वयंपाक सांगतो. आठशेच्या आठशे आले तर काय, असे त्याला कोणी विचारीत नाही. कारण सगळे येत नसतात, हे त्यालाही ठाऊक असते, आचाऱ्यालाही आणि पाहुण्यांनाही. विमानकंपनी याहून वेगळे काही करीत नाही. फरक एवढाच, की पंगतीत चार पाने जास्त झाली तर भातात पाणी वाढवता येते, आमटी सैल करता येते, आणि एस.टी.त बाक भरले तर दांडीला धरून उभे राहता येते. आकाशात उभे राहण्याची सोय नाही.

हा न येणाऱ्यांचा हिशेब माणसाने कसा शिकला, त्याची हकीकत मनोरंजक आहे. माझे गणित मॅट्रिकपर्यंतचे. पण या हकीकतीला त्याहून फार जास्त गणित लागत नाही, म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचायला हरकत नाही.

आपल्या देशातल्या विमानवाहतुकीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा एका लहानशा पुस मॉथ विमानातून कराचीहून निघाले आणि अहमदाबादेला उतरून मुंबईस जुहूच्या मैदानावर आले. विमानात टपालाच्या थैल्या होत्या. टपालाची थैली ऐनवेळी आजारी पडत नाही, तिचा बेत बदलत नाही, तिला दुसऱ्या कंपनीचे तिकीट मिळत नाही. म्हणून त्या विमानाला आपल्या विषयातली अडचण नव्हतीच. त्याच वर्षी जूनमध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने २७ मोटारगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. आमचा जिल्हा त्या वेळी निजामाच्या मुलखात होता, आणि त्या काळी आमच्या आजोबापणजोबांच्या दृष्टीने मोटार हेच विमान होते.

पुढे १९४८ साली एक मौजेचा योग आला. १ जूनला मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुण्याहून नगरला धावली आणि बरोबर आठवड्याने, ८ जूनला, एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला उडाले. एका आठवड्यात मराठी माणसाला नगरही जवळ आले आणि विलायतही. बीड मात्र दोहोंपासून दूरच होते. पोलीस कारवाई व्हायला अजून तीन महिने अवकाश होता.

विमानात माणसे बसू लागली आणि अडचण उभी राहिली. आठवडी बाजारात मेथी घेऊन बसलेली बाई संध्याकाळ झाली की उरलेल्या जुड्या निम्म्या भावात देऊन टाकते. अगदीच राहिली तर घरी नेऊन भाजी करते. विमानाने जमीन सोडली की रिकाम्या खुर्चीचे काही म्हणजे काही करता येत नाही. तेल तेवढेच जळते, वैमानिकाचा पगार तेवढाच. त्यातून जुन्या काळी रीत अशी होती, की टेलिफोनवर नाव सांगून जागा राखून ठेवावी आणि जायचे नसेल तर खुशाल जाऊ नये. दंड नाही, विचारणा नाही. घेतलेले तिकीट दुसऱ्या दिवशी चाले. धावपळीचा व्यापारी एकाच संध्याकाळच्या तीन विमानांत जागा राखी आणि काम आटोपेल त्याप्रमाणे एकात बसे. उरलेल्या दोन खुर्च्या वाट पाहत उडून जात. अमेरिकेत १९६१ साली सरकारी मंडळाने मोठ्या कंपन्यांचा आढावा घेतला तेव्हा दर दहा आरक्षणांमागे एक माणूस येतच नाही असे आढळले. इकडे दहावी खुर्ची रिकामी जाते आणि तिकडे खिडकीवर ‘जागा नाही’ म्हणून माणसे परत फिरतात, हे दृश्य कोणत्या दुकानदाराला बघवेल?

तेव्हा कंपन्यांनी गुपचूप जास्त तिकिटे विकायला सुरुवात केली. गुपचूप हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. बराच काळ उघडपणे याची कबुली द्यायला कोणी तयार नसे. एखाद्याला दारातून परत पाठवावे लागले तर ‘कारकुनाची चूक झाली’ असे सांगून वेळ मारून नेत. किती तिकिटे जास्त विकायची, हे त्या त्या अधिकाऱ्याच्या अनुभवावर असे. म्हणजे आपल्या आचाऱ्यासारखेच.

या अंदाजाचे गणित पहिल्यांदा उघड मांडले ते मार्टिन बेकमन या अर्थशास्त्रज्ञाने, १९५८ साली, एका विद्वानांच्या नियतकालिकात. पाठोपाठ १९६१ मध्ये थॉम्पसन याने आणि १९६२ मध्ये ब्रिटिश युरोपियन एअरवेजमधल्या टेलर याने ते पुढे नेले. अमेरिकन एअरलाइन्समध्ये मार्व्हिन रॉथस्टाइन याने १९६८ च्या सुमारास त्यावर प्रबंधच लिहिला. त्याच सुमारास सेबर नावाच्या यंत्रगणकावर आरक्षणे नोंदली जाऊ लागली होती. त्यामुळे कोण आले, कोण आले नाही, याची लाखो उदाहरणे हाताशी आली आणि आचाऱ्याच्या अंदाजाला वहीचा आधार मिळाला.

यातले मूळ गणित मात्र विमानाहून जवळजवळ दोनशे वर्षांनी जुने. याकोब बर्नुली या स्विस पंडिताचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. एकेका नाण्याचा छापा-काटा कोणाला सांगता येत नाही, पण नाणी पुष्कळ उडवली तर छाप्यांचे प्रमाण ठरावीक अंकाजवळ येते, हे त्याने सिद्ध केले. फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आलेला द मॉयव्ह्र हा शिकवण्या करी आणि कॉफीच्या दुकानात बसून जुगाऱ्यांना सल्ला देऊन पोट भरी. त्या अंकापासून किती इकडेतिकडे होईल, हे मोजायची सोपी रीत त्याने १७३३ साली काढली. जुगाऱ्यांसाठी काढलेली युक्ती विमानवाल्यांना कामी आली. यात हसण्यासारखे काही नाही. विमाकंपन्यांनी ती त्याआधीच उचलली होती.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. घरातल्या मुलांनी कागदपेन्सिल घेऊन करून पाहावा. १८० खुर्च्यांचे विमान आहे आणि अनुभव असा, की शंभरांतले पंच्याण्णव येतात. १८५ तिकिटे विकली, तर सरासरीने १७५-१७६ माणसे येतील. म्हणजे चारपाच खुर्च्या तरीही रिकाम्याच. १८० पेक्षा जास्त माणसे येऊन पंचाईत होण्याचे प्रसंग शंभर फेऱ्यांत फक्त चार. कंपनी खूश होते आणि म्हणते, मग १९० का विकू नयेत? १९० विकली की पंचाईतीचे प्रसंग चारावरून एकदम पन्नासाच्या वर जातात. दर दोन फेऱ्यांत एकदा दारात भांडण. तिकिटे वाढली पाच आणि भांडणे वाढली बारातेरा पट. हा चढ असा एकाएकी उभा राहतो हेच या गणिताचे मर्म आहे. घाटात गाडी चालवणाऱ्याला मी काय म्हणतो ते कळेल.

दुसरी एक गंमत मला विशेष वाटते. लहान गाडीपेक्षा मोठ्या गाडीला हा धंदा सोपा जातो. समजा, शंभरांतले नव्वद येतात आणि खुर्च्यांपेक्षा पाच टक्के तिकिटे जास्त विकायची. वीस खुर्च्यांची गाडी असेल तर २१ तिकिटे. एकवीसच्या एकवीस येण्याचे प्रसंग शंभरांत अकरा. दोनशे खुर्च्यांचे विमान असेल तर २१० तिकिटे. तेथे पंचाईत हजारांत दोनदा. प्रमाण तेच, पण मोठ्या समुदायात एकाचा लहरीपणा दुसऱ्याच्या लहरीपणाने भरून निघतो. घरात एक मुलगा आजारी पडला तर घर अडते. दीडशे मुलांच्या शाळेत रोज दोनचार आजारी असतातच आणि शाळा चालते.

शाळेचे नाव निघालेच आहे तर सांगतो. हा हिशेब मास्तरला रोज करावा लागतो. दुपारच्या पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, असे माप आहे. पटावर मुले किती हे हजेरीपट सांगतो. आज येणार किती, हे स्वयंपाकीणबाई मास्तरांना विचारतात. जून-जुलैत पेरणीचे चार दिवस सोडले तर अंदाज सहसा चुकत नाही. बाजाराच्या दिवशी थोडी कमी, पावसाच्या दिवशी आणखी कमी. पण दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा सगळा हिशेब कोसळतो. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवराबायको, आणि त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये वर बसलेली लेकरे. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ काही राहतात. बाकीची गेली की त्या तांड्यावरचा बाक आखाच्या आखा मोकळा होतो. पाच मुले पाच वेगवेगळ्या कारणांनी गैरहजर राहिली नाहीत. एकाच ट्रकने गेली.

या ठिकाणी बर्नुली आणि द मॉयव्ह्र दोघेही हात टेकतात. त्यांचे गणित असे धरून चालते, की एकाच्या येण्याचा दुसऱ्याच्या येण्याशी संबंध नाही. व्यापाऱ्यांनी भरलेल्या सोमवार सकाळच्या विमानात हे बरेचसे खरे असते. वऱ्हाडाने भरलेल्या विमानात मुळीच नसते. आईला ताप आला तर बाप, दोन मुले आणि आजी, पाचही जागा रिकाम्या. आणि आली तर पाचही येतील, त्यांतल्या चौघांना बसवून आजीला ‘तुम्ही उद्या या’ म्हणता येणार नाही. म्हणून शहाण्या कंपन्या सणासुदीचा अंदाज वेगळा बांधतात, एकट्या प्रवाशाचा वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा.

आमच्या जिल्ह्याने हाच धडा दुसऱ्या एका पुस्तकात वाचला आहे, तो पीकविम्याच्या. एका शेतकऱ्याचे पीक गेले तर नव्याण्णवांच्या हप्त्यातून ते भरून देता येते. पण बीडमध्ये पाऊस दगा देतो तेव्हा तो एकट्याला देत नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर, सगळीकडे एकदम देतो. या भीतीने २०२० च्या खरिपापूर्वी कंपन्या जिल्ह्याचा विमा घ्यायलाच पुढे येईनात. तेव्हा ८०-११० चा तोडगा निघाला. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या एकशेदहा टक्क्यांपर्यंत गेली तर कंपनीने द्यावी, त्यावरची सरकारने. आणि भरपाई थोडीच द्यावी लागली तर कंपनीने वीस टक्क्यांपर्यंत ठेवून उरलेले पैसे परत करावेत. बीडचे नाव त्या निमित्ताने देशभर गेले. शेतातले उत्पन्न मोजायला जे पीककापणी प्रयोग होतात, त्यांची शास्त्रीय नमुनापद्धती बसवणाऱ्यांत वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे ही दोन मराठी नावे आहेत, हे मी मुलांना आवर्जून सांगत असतो. चार ठिकाणचे चौरस कापून तालुक्याचे पीक सांगायचे, ही युक्ती आणि पाच टक्के तिकिटे जास्त विकायची युक्ती, या सख्ख्या बहिणी आहेत.

असो. आपण विमानाच्या दारात परत येऊ. शंभर फेऱ्यांत चार वेळा पंचाईत होणार, हे गणिताने सांगितले. परंतु त्या चार वेळी दारातून परत कोणी जायचे, हे गणित सांगत नाही. आणि माझ्या मते खरी कथा येथेच सुरू होते. कंपनीच्या दृष्टीने जो शंभरांतला चौथा प्रसंग, तो त्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा एकमेव असतो. त्याच्या भावाचे लग्न असते, किंवा बापाची तिरडी उठायची थांबलेली असते.

ही गोष्ट कंपन्यांना कळायला एक तापट ग्राहक भेटावा लागला. २८ एप्रिल १९७२ रोजी राल्फ नेडर हा गृहस्थ वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाला होता. मोटारींच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहून त्याने बड्या कारखानदारांना आधीच घाम फोडला होता. तिकीट पक्के होते, सभेत भाषण होते. अॅलेघेनी कंपनीने त्याला दारातच सांगितले की जागा नाही. सभा हुकली. दुसरा कोणी असता तर शिव्या देऊन घरी गेला असता. नेडर न्यायालयात गेला. जास्त तिकिटे विकतो हे प्रवाशापासून लपवून ठेवणे ही फसवणूक आहे, असे त्याचे म्हणणे. प्रवाशाला असा दावा चालवता येतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिला आणि कंपन्यांच्या गुपचूप कारभाराची सद्दी संपली.

उपाय मात्र त्याआधीच एकाने सुचवून ठेवला होता. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९६८ साली एक छोटा लेख लिहिला. त्याचे म्हणणे इतके सोपे, की शहाण्या माणसाला ते सुचूच नये. जागा कमी पडल्या तर कोणालाही बळजबरीने उतरवू नका. किती पैसे मिळाले तर तुम्ही पुढच्या विमानाने जाल, असे दारातच प्रत्येकाला विचारा आणि ज्यांचा आकडा सर्वांत कमी त्यांना तेवढे देऊन थांबवा. ज्याला घाई आहे तो जाईल. ज्याला घाई नाही तो चार पैसे कमावील. कंपनीचीही खुर्ची रिकामी जाणार नाही. कंपन्यांनी ते मनावर घेतले नाही. दहा वर्षे गेली. १९७७ साली आल्फ्रेड कान हा दुसरा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या विमानवाहतूक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि १९७८ मध्ये आधी स्वेच्छेने थांबणारे शोधा, असा नियम आला. शाळामास्तर म्हणून मला या गोष्टीचा आनंद होतो. वर्गात ‘कोण थांबतो?’ असे विचारले तर एकदोन हात वर होतातच. नाव घेऊन ‘तू थांब’ म्हटले की रडारड.

नियम झाला म्हणून माणसे शहाणी होतातच असे नाही. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोत युनायटेडच्या विमानात बसलेल्या एका वयस्क डॉक्टरला सुरक्षारक्षकांनी खुर्चीतून फरफटत काढले. ते दृश्य जगभर लोकांनी पाहिले. तेथे जागा हव्या होत्या त्या कंपनीच्याच चार कर्मचाऱ्यांना. पैसे देऊन थांबणारे त्या आकड्याला मिळाले नव्हते. आकडा वाढवायचा की माणूस ओढायचा, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर सायमनने जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

आपल्या रेल्वेची रीत मला यापेक्षा सरळ वाटते. तेथे पक्के, आर.ए.सी. आणि प्रतीक्षायादी असे तीन वर्ग उघड लिहिलेले असतात. आपण कितव्या नंबरवर आहोत हे तिकिटावरच छापलेले. आर.ए.सी.वाले दोघे बाजूच्या खालच्या बाकावर गुडघे जुळवून बसतात आणि कोणी आला नाही की एकाला झोपायला जागा मिळते. न येणाऱ्यांचा हिशेब येथेही आहेच, पण तो प्रवाशाला दिसतो. परळीच्या गाडीत रात्रभर असे बसून गेलेल्या दोन अनोळखी माणसांची सकाळपर्यंत सोयरिकीची बोलणी झालेली मी पाहिली आहेत. विमानात सगळ्यांची तिकिटे सारखीच पक्की दिसतात. कोणाचे जास्त पक्के आणि कोणाचे कमी, हे दारात गेल्यावर कळते. उशिरा पोचलेला आणि स्वस्तात आलेला, यांच्यावर बहुधा पाळी येते. आमच्याकडचा माणूस दोन्ही यादींत बसतो, कारण बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, पुणे नाहीतर मुंबई.

आपल्याकडेही याचे नियम आहेत आणि ते घरात कोणाला तरी माहीत असावेत. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०१० साली ते केले आणि २०१६ च्या ऑगस्टपासून भरपाई वाढवली. त्या सुधारित नियमांप्रमाणे कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे विचारायचे. पक्के तिकीट असून वेळेवर पोचलेल्या माणसाला तरीही परत पाठवले, तर मूळ वेळेपासून तासाभरात दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत पाठवले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधनआकार यांच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांच्या आत. त्याहून उशीर झाला तर चौपट, २०,००० रुपयांच्या आत. ही भरपाई दिली नाही म्हणून जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाख रुपये दंड झाला. बंगळूर, हैदराबाद आणि दिल्लीला तपासणी करून महासंचालनालयाने तो लावला होता.

आता दिवाळीत पुण्या-बंगळूरकडची लेकरे गावी यायला निघतील. बीड शहराला १७ सप्टेंबर २०२५ पासून नगरची रेल्वे आहे, पण पुष्कळजण घाईने विमानाने येतील. त्यांना एवढे सांगून ठेवावे, की दारातल्या मुलीवर ओरडू नये. जास्त तिकिटे तिने विकलेली नसतात. आपण किती वाजता पोचलो, ते कागदावर लिहून घ्यावे, भरपाईचा नियम हळू आवाजात सांगावा आणि घाई नसेल तर किती देता, असे आधी विचारून पाहावे.